दहा नंबरचा पाना

परवा स्कूटर दुरुस्तीला नेली तेव्हा भवानी पेठेतल्या गॅरेजात मिस्त्री रॉकेलमध्ये पाने धूत होता, आणि त्या वासासरशी मी एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या हँगरमध्ये जाऊन उभा राहिलो. हवाई दलात शिकाऊ होतो, वय अठरा. तिथं हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असायची. काम संपलं की पाना आपल्या आकृतीवर टांगायचा, आणि एक जरी जागा रिकामी राहिली तरी विमान उडायचं नाही. एका संध्याकाळी माझा दहा नंबरचा पाना सापडेना. शिक्षेच्या भीतीनं मी माझ्या ट्रंकेतला, बाजारातून घेतलेला तसलाच पाना काढला. माझ्याबरोबरचा टेंभुर्णीचा दोस्त म्हणाला, "आरं, टांग की, कुणाला कळतंय?" मी टांगला. सकाळी आम्हाला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी नेमका तोच उचलला. त्यावर आमच्या संचाचा कोरलेला आकडा नव्हता. ते ओरडले नाहीत. मी काल काम केलेल्या विमानाच्या कॉकपिटमध्ये मला बसवून म्हणाले, "दांडा मागं ओढ." याच दांड्यानं पायलट विमान वर घेतो. दांडा अर्ध्यावर अडला. दोन्ही हातांनी ओढला तरी हलेना. मग त्यांनी शेपटीचं झाकण उघडलं; आत, दांड्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या तारांच्या कप्पीत माझा पाना अडकला होता. "लढाईतून सुखरूप परत आलेला पायलट," ते हळू म्हणाले, "नऊ वाजता यात बसणार होता." समोरच्या घड्याळात पावणेनऊ झाले होते. माझे हात दांड्यावरून सुटेनात. "काका, स्कूटर झाली, न्या की," मिस्त्री म्हणाला. "आधी पाने मोज," मी म्हणालो. तो हसला. त्याचे मोजून होईपर्यंत मी गाडीला चावी लावली नाही.