बहिणीसमोर कसं सांगायचं

लोपेती फिफिता हा टोंगातल्या व्हावाऊ बेटाच्या धक्क्यावरचा फाटकवाला. फाटकाची किल्ली त्याच्या कमरेला, आणि तिचा रुबाब असा, की बोटीचा कप्तानसुद्धा आधी त्याला हात करायचा. असा माणूस एका दुपारी फाटकाला कुलूप लावून गायब झाला. बोट लागली. उतारू डुकरं, चटया, पोरंबाळं घेऊन उन्हात करपत उभे. त्यात पाद्रीबाईही होत्या. त्यांनी थेट बंदर खात्यात तक्रार केली.

खरं कारण अगदी साधं. आदल्या दिवशीच्या चर्चच्या जेवणातली नारळाच्या दुधातली कच्ची मासळी उरली होती. त्याची बायको विका ती डुकरांना घालायला निघाली, तर हा म्हणाला, "डुकरांना कशाला? मी आहे ना." मग ती दुपार त्याने धक्क्यामागच्या संडासात काढली, किल्लीसकट.

एवढं सांगितलं असतं तर लोक हसले असते आणि विषय मिटला असता. पण चौकशी अधिकारी म्हणून कोण यावं? सेइनी, त्याच्या मामाची मुलगी. आमच्या टोंगात मामेबहीण म्हणजे सख्खी बहीणच. तिच्यासमोर भाऊ वावगा शब्द काढत नाही, आणि हा बापडा संडासाची हकिगत सांगणार? तिला "तू ऊठ" म्हणणं तर त्याहून वाईट, कारण बहिणीचा मान मोठा.

सेइनीने विचारलं, "त्या दुपारी तुम्ही कुठे होता?"

लोपेती छताकडे बघत बसला. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, पण याच्या तोंडात मिठाची गुळणी. "उद्धटपणे उत्तर नाकारले" असा शेरा पडला आणि उभ्या जन्माची नोकरी गेली.

"अहो, लिहून तरी द्यायचं," विका म्हणाली.

"आणि वाचणार कोण? तीच ना."

"मग मी जाऊन सांगितलं असतं."

"म्हणजे माझी अब्रू गेलीच असती."

"बरं. आता त्या अब्रूचं कालवण करा. घरात दुसरं काही राहायचं नाही."

शेवटी काफोआ वकिलाने खरं कारण आणि बहिणीची अडचण अर्जात लिहून प्रकरण मोठ्या कोर्टात नेलं. न्यायाधीश परदेशी. त्यांना ही सगळी वकिलाची सबब वाटली.

"काफोआ, तुमच्या अशिलाला बोलायची संधी दिली होती. तो बोलला नाही, यात खात्याचा काय दोष?"

तेवढ्यात सरकारी वकिलाने साक्षीला सेइनीला बोलावलं. ती पुढच्या दाराने आत आली आणि लोपेती बाजूच्या दाराने बाहेर पडला. आता कारणाचा शब्द निघणार, तो तिच्या कानावर पडताना आपण समोर नको.

"अर्जदार कुठे गेला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"बहीण आली, साहेब," काफोआ म्हणाला.

"पण दावा त्याचाच चाललाय ना?"

"हो साहेब. पण बहीण आली."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि सेइनीला विचारलं, "चौकशीत तो खरं कारण सांगू लागला असता, तर तुम्ही काय केलं असतं?"

"मी उठून बाहेर गेले असते."

"मग ऐकलं कोणी असतं?"

"कोणीच नाही."

"मग त्या खुर्चीवर बसलात कशाला?"

"मला वाटलं, झोपला असेल. झोपेचं बहिणीसमोर सांगता येतं, साहेब."

न्यायाधीशांनी निकाल दिला: याला बोलता येत नाही आणि तिला ऐकता येत नाही, ती चौकशीच नव्हे. बडतर्फी रद्द; कामावर घ्या, आणि चौकशी करायचीच तर दुसऱ्या कुणाला बसवा. लोपेती बाहेर आंब्याखाली उभा होता. काफोआने येऊन सांगितलं तेव्हा त्याचा हात आधी कमरेकडे गेला, जिथे किल्ली असायची.

पण सुख कसलं लाभतंय! संध्याकाळी रेडिओवर सगळा निकाल वाचून दाखवला, मासळी आणि संडासासकट. लोपेतीने डोक्यावरून चटई ओढली.

"सेइनीकडे रेडिओ आहे का गं?"

"आहे. मोठा."

त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी विका चर्चमधून आली ती हातात झाकलेलं भांडं घेऊन.

"सेइनीने दिलंय. बोलली काही नाही."

झाकण काढलं तर आत आरारूटची लापशी. नारळाचं दूध नाही, मसाला नाही, दुखऱ्या पोटाला देतात तशी. त्याचं पोट बरं होऊन वर्ष होत आलं होतं. तरी लोपेतीने ती भांडं निपटून खाल्ली, आणि रडताना विकाला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसला.