मिशांआडचं बोलणं

आमच्या अण्णांना चष्म्याशिवाय ऐकू येत नसे.

अण्णा गेल्यावर त्यांच्या कपाटात चष्मे सापडले, श्रवणयंत्र नाही. समोरच्याचे ओठ दिसले, की त्यांना त्याचा आवाजही स्पष्ट यायचा. अर्धं कान ऐकत, उरलेलं डोळे पुरवत आणि डोक्यात कुठंतरी त्याचं एक वाक्य होई. अण्णांना हे मुळीच मान्य नव्हतं. "माझे कान ठणठणीत आहेत," ते म्हणत, "चष्मा तेवढा आण!"

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही रत्नागिरीहून एस.टी.नं दाभोळला गेलो. सुमन मला फोटोतच पसंत पडली होती. (इतकी, की फोटो मी परत पाठवलाच नव्हता!) दार उघडलं आणि आईनं माझा हात घट्ट धरला. सुमनच्या वडिलांना, तात्यांना, मिशा होत्या. मिशा कसल्या, सुरूचं बनच! आपले ओठ कुठं आहेत, हे त्यांनाही जेवतानाच कळत असावं.

"प्रवास बरा झाला ना?" तात्यांनी विचारलं.

अण्णा मिशांकडे बघून मंद हसले.

"मुलगा काय करतो?"

अण्णा पुन्हा तसेच हसले. तात्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"जा, त्यांच्या मागं बस," आई कुजबुजली, "आणि ते बोलतील तसे ओठ हलव."

नवरामुलगा मी, बसलो तात्यांच्या पाठीमागं स्टुलावर! आवाज तात्यांचा, ओठ माझे. आणि काय सांगू, अण्णांना लख्ख ऐकू येऊ लागलं! नोकरी, गोत्र, यंदाचा आंबा, उत्तरं धडाधड.

तेवढ्यात पोहे घेऊन सुमन आली. फोटोहून सुंदर! माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"मेल्या, आ वासून काय बसलायस?" अण्णा गरजले. "ओठ हलव! हे काय बोलतायत ते मला ऐकू येत नाही!"

तात्या गर्रकन वळले. "माझ्या पाठीमागं मला वेडावतोस?"

संपलं! फोटो परत करावा लागणार, एवढंच मला सुचलं. आईनं घाईघाईनं सगळं उलगडून सांगितलं. मग सुमन म्हणाली, "तात्या, मिशा धरा की वर!"

तात्यांनी दोन्ही हातांनी मिशा उचलल्या आणि लग्नाची सारी बोलणी तशीच पार पडली. हात अडकल्यामुळे चहा त्यांना सुमननंच पाजला.

पुढं एकदा मी तिला विचारलं, "एवढा तमाशा होऊनही मला होकार का दिलास?"

"दुसरा बोलेल तसे मुकाट्यानं ओठ हलवणारा नवरा," ती म्हणाली, "शोधून तरी मिळाला असता का?"