विचारणाऱ्याला आधी विचारायचं

"ऊठ गं जरा. डॉक्टरांना बसू दे."

सर, म्हणजे आमचे संचालक, म्हणाले आणि मी उठले. टर्मिनलपुढची ती एकच खुर्ची. तिच्यावर मी बसायचे, कारण ते मशीन चालवायचं शिक्षण फक्त मला दिलेलं होतं. टेलिफोनची लाइन नुकतीच तुटली होती. पडद्यावर हिरवा चौकोन नुसता लुकलुकत होता. पुण्याहून आलेले समाजशास्त्राचे डॉक्टर माझ्या खुर्चीत बसले, त्यांनी पाय पसरले. मी समोर, भिंतीला टेकून उभी राहिले.

"लाइन कधी येईल?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगता येत नाही. परत लावून बघते."

सर हसले. "डॉक्टर, मशीनची वाट कशाला बघता? तुमचा विषय इथंच उभा आहे. ही माले गावची. त्यांच्यातलीच. विचारा काय विचारायचं ते."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

"मेलेल्या जनावराचं मांस घरी शिजायचं का?"

"आज्याच्या वेळेला. धम्म घेतला तेव्हा सोडलं."

"वाळवून ठेवायचे ना? घरात वास यायचा?"

"यायचा असेल."

"आई चवीबद्दल काही बोलते का?"

मी पडद्याकडे बघितलं. तेवढ्यात सर म्हणाले, "लाजतेस काय? शास्त्राचं काम आहे. सांग."

मी सांगितलं. आई जे बोलते ते सांगितलं. न बोललेलंही थोडं सांगितलं, कारण डॉक्टर पेन धरून थांबले होते आणि थांबलेल्या माणसाला काहीतरी द्यावं लागतं. दारात टंकलेखक बाई आणि हिशेबनीस येऊन उभे होते. चहावाला कप ठेवून गेला. डॉक्टरांना, सरांना. मी उभी होते तशीच होते.

मला काही वाटलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. रडू आलं नाही, राग आला नाही, कान तापले नाहीत. लाइन परत आली तेव्हा मी खुर्चीवर बसले आणि शोध पुरा केला.

आमची संस्था पौडच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी. माती, पाणी आणि खेडी यांच्यावर तिथं संशोधन चालायचं. परदेशी नियतकालिकं बोटीनं यायची, ती हातात पडेपर्यंत शिळी झालेली असायची. म्हणून सरांनी खटपट करून हे टर्मिनल आणवलं. टेलिफोनच्या तारेवरून मुंबई, मुंबईहून समुद्रापलीकडचा संगणक. त्याच्या पोटात लाखो लेखांची नावं आणि सारांश. नीट विचारलं तर मिनिटात उत्तर, वेडंवाकडं विचारलं तर कचऱ्याचा ढीग.

नीट कसं विचारायचं, ते मी मुंबईला जाऊन शिकून आले होते. शोध आधी कागदावर लिहायचा, मग तारेवर जायचं. शब्दाचं मूळ लिहून पुढं खूण टाकली की त्याच्या सगळ्या शेपट्या, म्हणजे पुढची सगळी रूपं, आपोआप येतात. 'अँड' घातलं की उत्तरं कमी होतात, 'ऑर' घातलं की वाढतात. 'नॉट' घालताना दहा वेळा विचार करायचा, कारण नको त्याच्याबरोबर हवं तेही बाहेर जातं आणि गेलेलं दिसत नाही. पण सगळ्यांच्या आधीचा नियम एक. शोध मागायला आलेल्या माणसाला आधी आपण विचारायचं. काय पाहिजे? कशासाठी पाहिजे? त्याचं पुढं काय करणार? शास्त्रज्ञ असो की संचालक, या प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय तारेवर जायचं नाही. आमच्या शिक्षिका म्हणायच्या, जी विचारत नाही ती शोधणारी नाही, नुसती टायपिस्ट.

मी सगळ्यांना विचारायचे. मातीवाल्यांना, पाणीवाल्यांना. मला ते फार आवडायचं. जन्मात पहिल्यांदा प्रश्न माझ्या बाजूनं सुटत होते.

डॉक्टरांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, "पश्चिम पट्ट्यातल्या अस्पृश्यांच्या आहाराच्या सवयी." पुढचं मी विचारलं नाही. जीभच उचलली नाही. कागद घेतला आणि शब्द लिहायला लागले. 'बौद्ध' टाकून बघितलं तर जपान आणि श्रीलंकेतली देवळं निघाली. आपण स्वतःला काय म्हणतो याला तिथं काडीची किंमत नाही. लेख नोंदवणाऱ्यानं तुम्हाला ज्या नावाखाली टाकलं, त्याच नावानं तुम्ही सापडता. मग आमच्या लोकांना आजवर ज्या ज्या नावांनी हाका मारल्या, ती सगळी मी ओळीनं लिहिली. गावात ज्या नावावरून मारामाऱ्या झाल्या, तेसुद्धा. मधे 'ऑर', 'ऑर', 'ऑर'.  अक्षर सुरेख आलं. त्याच शोधात लाइन तुटली आणि पुढचं घडलं.

संध्याकाळी एसटीनं घरी गेले. आईला सांगितलं.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "इचारलं म्हून काय अंगाला भोकं पडत्यात व्हय? सांगितलंस न्हवं? मग जेव."

मी जेवले. आईचं चुकलं असं मला वाटलं नाही. आमच्या घराची रीतच ती. माझे वडील, आबा, रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. गावात जायची वेळ आली की पाटलाच्या ओट्याखाली उभे राहायचे आणि वरून प्रश्न यायचे. काय रं, पोरगी साळंत जाती म्हनं? काय कालवण केलं आज? बायकूला कितवा म्हैना? आबा हसून सगळ्याची उत्तरं द्यायचे. मी त्यांचं बोट धरून उभी असायचे. घरी येताना एकदा मी विचारलं होतं, पाटलाच्या घरी काय शिजलं ते तुम्ही का नाही विचारलं? आबा रस्त्यातच थांबले. "आसं इचारत न्हाईत," म्हणाले. का, ते सांगितलं नाही. त्यांना कुणी सांगितलेलं नसणार.

दुसऱ्या दिवशी टंकलेखक बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सरांचं मनावर नको घेऊस. ते सगळ्यांशीच तसे बोलतात." त्यांच्या घरी काय शिजतं हे सरांनी त्यांना कधी विचारलेलं नव्हतं. मी मान हलवली आणि कामाला लागले.

वर्ष गेलं, वर काही महिने गेले. डॉक्टरांचा शोध मी ठेवून दिला होता, तशी पद्धतच होती. एकदा लिहिलेला शोध जपून ठेवायचा, संगणकात नवीन भर पडली की तोच पुन्हा चालवायचा आणि नवीन आलेलं तेवढं छापून ज्याचं त्याला पाठवायचं. याला आम्ही अपडेट म्हणायचो. मातीवाल्याला मातीचं, पाणीवाल्याला पाण्याचं, डॉक्टरांना आमचं.

एका सकाळी डॉक्टरांचं अपडेट छापत होते. प्रिंटर करकर करत होता. मी कागदाच्या कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडत उभी होते. सवयीनं नजर फिरवली. लेखकाच्या जागी डॉक्टरांचंच नाव. खाली सारांश. इंग्रजीत होता, मी तो इतक्या वेळा वाचलाय की आता मराठीतच आठवतो: मुळशी तालुक्यातल्या एका शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या स्त्रीनं घरातल्या आहाराविषयीच्या खाजगी प्रश्नांना इतरांच्या देखत विनासंकोच उत्तरं दिली. शिक्षणानंतरही या समूहाला अशा प्रश्नांत अपमान वाटत नाही, असं दिसून येतं.

परत वाचलं.

मी शोधायला बसले होते आणि मीच सापडले होते. माझ्याच हातानं लिहिलेल्या शब्दांत, त्या सगळ्या 'ऑर'च्या जाळ्यात. नाव नाही. गाव नाही. एक स्त्री. आणि माझं भिंतीला टेकून उभं राहणं, माझं ते काही न वाटणं, ते माझ्या एकटीचं राहिलं नव्हतं. आईचं झालं होतं, आबांचं झालं होतं, मालेच्या आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घराचं झालं होतं. डॉक्टरांनी ते जगाला दाखवलं होतं. बघा, यांना काही वाटत नाही. विचारा खुशाल.

खोटं लिहिलं होतं असंही म्हणता येईना. मला खरंच काही वाटलं नव्हतं.

पट्टी फाडता फाडता कागद मधूनच फाटला. असा माझ्या हातून कधी फाटत नाही. पुन्हा छापला, पाकिटात घातला, पाठवून दिला. मग मागच्या ओट्यावर जाऊन बसले. पोटात काहीतरी कडक झालं होतं आणि दुखत होतं. राग म्हणतात तो हाच, हे कळायला मला बराच वेळ लागला. ओळखच नव्हती त्याची.

डॉक्टर पुढं पुन्हा आले. सर त्यांना घेऊन आत आले. दोघंही खुशीत होते.

"बाई, तुमची मोठी मदत झाली," डॉक्टर म्हणाले. "आता लग्नाच्या चालीरीती घेतल्यात. थोडे प्रश्न आहेत. जरा नाजूक आहेत, पण तुम्ही मोकळ्या आहात."

"ऊठ गं," सर म्हणाले.

मी उठले नाही.

"आधी मी विचारते," मी म्हणाले. "हे कशासाठी पाहिजे?"

"म्हणजे?"

"शोधाआधी विचारावं लागतं. मी सगळ्यांनाच विचारते. मागच्या वेळी तुम्हाला विचारायचं राहिलं. कशासाठी पाहिजे? कुठं छापणार? जिच्याकडून घेणार तिचं नाव घालणार का? छापण्याआधी तिला वाचायला देणार का?"

डॉक्टर सरांकडे बघून हसले. "अहो, या तर मोर्चात बोलल्यासारखं बोलायला लागल्या."

"ऊठ म्हणतोय ना मी," सर म्हणाले.

"नाही, सर. शोध पाहिजे असेल तर बसून करून देते. जबाब पाहिजे असेल तर देत नाही."

"मागच्या वेळी तर पोपटासारखी बोलत होतीस."

"बोलले. म्हणूनच आता बोलत नाही."

 मी खुर्ची टर्मिनलकडे ओढून घेतली. टंकलेखक बाई दारात येऊन परत गेल्या. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, "राहू दे, राहू दे," म्हणाले आणि सरांबरोबर चहाला गेले.

सर ओरडले नाहीत. तशी माणसं ओरडत नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या ओळखीतली एक मुलगी आली. सरांनी मला तिला मशीन शिकवायला सांगितलं. शिकवलं, सगळं शिकवलं, हातचं काही राखलं नाही. विचारणाऱ्याला आधी विचारायचं, हेही सांगितलं. ती म्हणाली, "सर म्हणाले, त्याची गरज नाही." मग मला जुन्या नियतकालिकांच्या खोलीत पाठवलं. तिकडं हाताची गरज आहे, एवढंच कारण. नोकरी आहे, पगार आहे. खुर्ची गेली. ती गेल्याचं मला दुःख आहे, खोटं कशाला बोलू? टर्मिनलपुढं मी कुणीतरी होते. इथं धूळ झटकते.

घरी सांगितलं तेव्हा आईनं ताट वाढायला घेतलं. आबा बोलले.

"साहेबाच्या तोंडाला लागलीस?"

"तोंडाला नाही लागले. नाही म्हणाले."

"त्येच त्ये." आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "आता तुला काडत्यात बग. आन मंग गावात मला इचारत्याल, का काडली म्हून. काय सांगू मी?"

"सांगू नका, आबा."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मी काय म्हणतेय ते त्यांना कळलं नाही. त्या रात्री ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि पुढंही बरेच दिवस कामापुरतंच बोलले. त्यांना माझी भीती वाटत होती की माझ्यासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

मी त्या लेखाला उत्तर लिहायला घेतलं आहे. त्याच नियतकालिकासाठी, इंग्रजीत. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, काम एवढंच आहे. मला काही वाटलं नाही, हे मी नाकारणार नाही. ते का वाटलं नाही, हे लिहिणार आहे. ओट्याखाली उभं राहून माणूस किती पिढ्या उत्तरं देतो, तेव्हा त्याच्या पोरीला चारचौघांत काही वाटेनासं होतं, ते लिहिणार आहे. सुन्न झालेल्याला काही वाटत नाही म्हणून हा त्याचा स्वभाव, असं लिहिणाऱ्यानं त्याला आधी कुणी सुन्न केलं ते विचारलं होतं का, हेही विचारणार आहे. खाली माझं नाव घालणार. गाव घालणार, नुसता तालुका नाही, माले, तालुका मुळशी, नीट. त्यांनी परत पाठवलं तर दुसऱ्या नियतकालिकाला पाठवीन. त्यांनीही पाठवलं तर तिसऱ्याला. या खोलीत सगळ्यांचे पत्ते आहेत.

आणि शीर्षक कसं करायचं ते मला कुणी शिकवायला नको. डॉक्टरांच्या लेखात जे शब्द आहेत ते सगळे माझ्या शीर्षकात असतील, एकही सोडणार नाही. जगाच्या पाठीवर जो कुणी त्यांचा लेख शोधेल, त्याच्यापुढं माझा येईल. मला टाळून त्याला पुढं जाता येणार नाही.