गंधाचं बोट

गिरणीचा संप फसला त्या वर्षी माझ्या कोपरांवर आणि हातांवर लाल चट्टे उठले. त्यांतून पांढरे पापुद्रे सुटायचे. सोरायसिस हा शब्द आमच्या घाटकोपरच्या चाळीत कुणाला ठाऊक नव्हता. गुरुवारच्या दत्ताच्या भजनाला सगळ्यांच्या कपाळी गंध लावायचा मान माझा. एका गुरुवारी शेजारच्या तावडेकाकांनी मी लावलेलं गंध माझ्यासमोरच रुमालाने पुसलं. मी सहाण उचलून ठेवली आणि रागाच्या भरात रोजचं सूर्याला अर्घ्य देणंही सोडलं. देवाला माझा हात चालत नसेल तर मी तरी कशाला जोडू, असं वाटलं.

इस्पितळातून डांबराचं मलम मिळालं. त्याचा वास घरभर पसरायचा, म्हणून ते अर्ध्यावर टाकलं. मग डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती घेऊन दोन तासांनी मोजकी मिनिटं उन्हात बसायचं आणि दिवसभर काळा चष्मा लावायचा. वर म्हणाले, "हा रोग मुळासकट जात नाही, ताब्यात राहतो." मी चिठ्ठी चुरगळून बाहेर बाकावर बसलो. शेजारी गोराईहून आलेली एक म्हातारी ख्रिस्ती बाई होती. तिने सरळ माझा चट्ट्यांचा हात हातात घेतला. कित्येक महिन्यांत तो कुणी धरला नव्हता.

"माझं पण असंच होतं रे. दुसऱ्याला लागत नाय हा. मधेच सोडू नको. मी सोडलेलं, वाट लागली."

तिचं नाव विचारायचं राहिलं. पुन्हा ती कधी दिसली नाही.

चुरगळलेली चिठ्ठी सरळ करून मी गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी गोळी घेऊन गच्चीवर उन्हात उघडा बसलो, तेव्हा लक्षात आलं की ज्याला अर्घ्य देणं सोडलं, त्याच्याच पुढ्यात मला बसवलं होतं. हसू आलं, रडूही आलं. त्या दिवसापासून बरा कर म्हणणं सोडलं. देशील तेवढं घेईन, म्हटलं.

काळा चष्मा बघून चाळीतले विचारायचे, "काय रे, गोरेगावला शूटिंग हाय काय?"

"हो, हिरो मीच," मी सांगायचो.

काही महिन्यांनी चट्टे फिके पडले. गुरुवारी चंदन उगाळलं आणि बाह्या दुमडूनच गंध लावायला उठलो. तावडेकाकांपुढे बोट थबकलं. त्यांनी टोपी काढून कपाळ पुढे केलं.

"लाव रे. चुकलं माझं."

देवापुढे अभिमान नसावा म्हणतात. मला त्या हाताचा अभिमान वाटला, आजही वाटतो. डाव्या कोपरावर एक चट्टा अजून आहे, तो मी झाकत नाही. आणि दर गुरुवारी गंधाचं पहिलं बोट सहाणेच्याच कडेला लावतो. ते गोराईच्या त्या बाईचं.