वावळ्याचं शेवटचं बी

झाडं तोडणारा तो माणूस खडवलीहून आला होता. आमच्या कोलशेतच्या सोसायटीतला वावळा पाडायचा होता. उन्हाळा लागला की त्याच्या बियांच्या पातळ, गोल चकत्या उडून घराघरांत शिरत, आणि पान चुरगळलं तर उग्र घाण वास. अर्जावर पहिली सही माझीच होती. परवानगीही आली होती.

त्याने खांद्यावरचा दोर उतरवलाच नाही. चपला काढल्या, करड्या खोडाला तळवा टेकला आणि बराच वेळ वर बघत राहिला. मग खाली पडलेली एक हिरवी चकती सोलून आतलं इवलंसं बी चावलं.

"ताई, आज नाय. बी कच्चं हाय. पिकून उडालं की येतो."

"अहो, त्या कचऱ्यासाठीच तर तोडतोय!"

"म्हायती हाय," तो हळूच म्हणाला. "शेवटचंच हाय त्याचं. उडू द्या."

पुढचे तीन आठवडे मी चरफडत चकत्या झाडत होते. मग तो आपणहून आला, पुन्हा चपला काढल्या आणि संध्याकाळपर्यंत झाड आडवं केलं.

यंदा बाल्कनीत एकही चकती आली नाही. तरी रोज सकाळी मी झाडू घेऊन तिथे जाते, आणि कुंड्यांमधली माती निरखून बघते.