वीस मार्चची सुट्टी

धम्मपालने पोलादपूरला दुसरा संसार मांडलाय, ही बातमी महाडातल्या त्याच्या आळीला येसूबाईंनी दिली. पुरावा भक्कम होता. पहाटे चारला त्याचा फोन वाजतो, शर्टाची बटणं वरखाली लागलेली असतात, तसाच मोटारसायकलला किक मारतो आणि परत येतो तो पार दमून, मान खाली घालून. त्याची बायको सरिता हे ऐकून एवढंच म्हणाली, "दुसरा संसार असता तर तिकडं जेवला तरी असता. हा उपाशीच येतो."

खरी गोष्ट अशी, की पोलादपूरकडच्या अकरा वाड्यांच्या पाणी योजनेच्या ऑफिसात धम्मपाल कॉम्प्युटरवर होता. वाजायचा तो गजर. आणि त्याला पहाटे ओढून नेणारी अवदसा म्हणजे त्यानेच आठ वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम. ज्या वाडीची पाळी, तिचा व्हॉल्व्ह हा प्रोग्रॅम वेळेवर उघडायचा. पण त्याआधी पडद्यावर एक चौकट यायची, 'उघडू का?' समोरच्या माणसाने 'होय' दाबलं की मगच पाणी सुटायचं. ही चौकट त्या वेळचे ऑपरेटर रावजी यांच्या हट्टापायी घातलेली. रावजी दोन वर्षांत निवृत्त झाले आणि 'होय' दाबणं धम्मपालच्या गळ्यात पडलं. पाचला, सातला, नऊला. रविवार नाही, सण नाही. त्यात ऑफिस झाडणाऱ्या ठमाबाईंचा नेम असा, की दिवेलागणीनंतर काही उघडं ठेवायचं नाही. घरातल्या भांड्यावर झाकण, तसं पडद्यावरचंही सगळं बंद करून वर फडकं. म्हणजे पहाटे जाऊन प्रोग्रॅम आधी चालू करा, मग त्याच्या तोंडाकडे बघत बसा. ठमाबाईंना 'होय' दाबायला सांगून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "माज्या हातनं गावाचं पानी गेलं तर शिव्या कोन खानार, तू?"

इतकी वर्षं हे रेटलं, तसंच पुढेही रेटलं असतं. पण जानेवारीत त्याची आई जानकीबाई बोलल्या. चवदार तळ्यावर वीस मार्चला, सत्याग्रहाच्या दिवशी, येणाऱ्या लोकांसाठी त्या दरसाल पाण्याचं टेबल मांडतात. नवरा श्रीपत होता तोवर दोघं, मग एकट्या. आता गुडघे साथ देईनात.

"औंदा तू नसशील तर मी टेबल मांडत नाय," त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "सहा वर्सं बगते. तिकडं पानी सोडतोस, इकडं ग्लास धरायला मानूस नाय."

धम्मपालने त्या दिवशी भाकरी एकच खाल्ली.

फेब्रुवारीत त्याने तो प्रोग्रॅम सर्व्हिसमध्ये हलवायला घेतला. सर्व्हिस म्हणजे पडद्यावर न दिसता, कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप मागे चालत राहणारं काम. दिसायलाच काही नाही, तर ठमाबाई बंद काय करणार? जुना कोड उचलून नव्या जागी ठेवला आणि तपासला, तर दोनशे चौदा ओळी लाल. टाइप एरर, म्हणजे कुठे कसली माहिती येणार ते न जुळल्याची चूक. जुना प्रोग्रॅम भोळा होता, आकडा आला काय नि अक्षरं आली काय, सगळं एकाच पिशवीत कोंबायचा. नव्याला आधी सांगावं लागे, हा आकडा, ही वेळ, हे वाडीचं नाव, हे होय किंवा नाही. जुळलं नाही की लाल. रोज दुपारी डबा बाजूला सारून धम्मपाल एकेक ओळ सरळ करत बसे. डोळे चुरचुरायचे, पाठ धरायची. तीन आठवड्यांनी एकच ओळ उरली, 'उघडू का?'ची. इथे होय किंवा नाही हवं, तुम्ही काहीच देत नाही, अशी तिची तक्रार. चौकट काढून टाकलेली, मग उत्तर येणार कुठून? दमलेल्या माणसाने करावं तेच त्याने केलं. टाइपच्या जागी 'काहीही चालेल' असं लिहून टाकलं. लाल गेलं. तोही घरी गेला आणि गजर न लावता झोपला.

सकाळी अकराही वाड्या कोरड्या. उत्तर रिकामं आलं, ते सर्व्हिसने 'नाही' धरलं होतं. ठमाबाई रिकामी कळशी घेऊनच ऑफिसात आल्या.

"कॉम्प्युटरला तोंड धुवायला लागत नाय, म्हनून आमाला पन नाय काय रे?"

धम्मपालने व्हॉल्व्ह हाताने सोडले आणि खुर्चीत बसला. आता त्या जागी कायमचं 'होय' लिहायचं, की झालं. बोट तिथवर गेलंही. पण रावजींनी तेव्हा एवढा हट्ट का धरला होता? तो उठला आणि रावजींच्या वाडीवर गेला. म्हातारा अंगणात पावटे सोलत होता.

"काका, 'होय' दाबायच्या आधी तुम्ही काय बघायचात?"

"खिळा."

"कसला खिळा?"

"दारामागचा. गणू फिटर लायनीवर जातो तवा वॉलची चावी घेऊन जातो. खिळा मोकळा, म्हंजे मानूस वर पाइप खोलून बसलाय. चावी टांगलेली दिसली तरच सोडायचं."

"हे मला कधी सांगितलं नाय तुम्ही."

"तू कवा इचारलंस? तू चौकट केलीस, मला वाटलं तुला ठाव हाय."

सहा वर्षं धम्मपाल झोपेने सुजलेल्या डोळ्यांनी 'होय' दाबत होता. खिळ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. गणू अजून धडधाकट आहे तो निव्वळ नशिबाने, हे कळल्यावर परतीच्या उतारावर त्याने गाडी दोनदा थांबवली.

दुसऱ्या दिवशी त्याने खिळ्याखाली एक बटण बसवलं. चावी टांगली की ते दाबलं जाई आणि सर्व्हिसला 'होय' मिळे. चावी नसली की 'नाही'. मग त्या ओळीतलं 'काहीही चालेल' खोडून नीट टाइप लिहिला. लाल ओळ एकही नाही. तरी पुढचे दहा दिवस पहाटे तो गाडी काढून गेलाच, नुसता बघत बसायला.

वीस मार्चला सकाळी तळ्याजवळच्या टेबलापाशी तो ग्लास विसळत होता. पाच, सात, नऊ, तिन्ही पाळ्या होऊन गेल्या होत्या आणि फोन वाजला नव्हता. जानकीबाई मागे स्टुलावर बसून पाण्याचे पिंप राखत होत्या. येसूबाई रांगेतून पुढे आल्या.

"काय रे, आता तिकडं सगळं आपलं आपन चालतंय म्हनं. मग तुजी गरज काय राहिली?"

"तिकडं नसंल, इथं हाय," धम्मपाल म्हणाला. "पानी घ्या आनि पुढं सरका काकी, मागं रांग हाय."