दिल्लीला कोण गेलं होतं

दुबईत अल क्वोजमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये इमारतींची मॉडेल्स बनतात. टॉवर उभा राहण्याआधी बिल्डर लोकांना तो काचेच्या पेटीत मांडून दाखवतात, ते काम आमचं. त्यामुळे आगगाड्यांची ऑर्डर आली तेव्हा आमचा साहेबही जरा गांगरला. इथे आता प्रवासी रेल्वेची चर्चा सगळीकडे, म्हणून एका मॉलला जगभरातल्या जुन्या, गुळगुळीत नाकाच्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांचं प्रदर्शन हवं होतं. गाडीचं मॉडेल आणि शेजारी थोडक्यात तिचा इतिहास. साहेब लेबनानचा. त्यानं यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हबीबती, इंडिया तुझं. यल्ला, लाग कामाला."

मी वाचायला बसले. वारा कापला जावा म्हणून गाडीला निमुळतं तोंड द्यायची टूम आधी युरोप-अमेरिकेत निघाली. आपल्याकडे ती स्वातंत्र्याच्या सुमारास आली. वाफेच्या इंजिनाला बंदुकीच्या गोळीसारखं नाक, आणि नाकावर चांदणी. मागचे डबे मात्र नेहमीचेच चौकोनी. नुसत्या नाकानं गाडीला काय फरक पडणार, ते मला कळेना. फोटो सगळे काळे-पांढरे, त्यामुळे रंग कुठला द्यावा तेही कळेना.

आई त्या वेळी माझ्याकडे आली होती. आम्ही दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये राहतो. ती डायनिंग टेबलाशी मेथी निवडत होती आणि मी लॅपटॉपवर तो फोटो मोठा करून बघत होते. तिचं माहेर बल्लारशाचं, वडील रेल्वेत. म्हटलं, तिनं असली इंजिनं पाहिली असतील.

"आई, हे बघ. याचा रंग आठवतो?"

तिनं चष्मा वर सरकवला. मेथीची काडी हातात तशीच.

"बाप्पा! ही तर जीटी एक्सप्रेस. हिरवं होतं नाक. मी हिच्यातच गेली होती दिल्लीला."

"तू? दिल्लीला?"

माझी आई लग्नाआधी बल्लारशा आणि लग्नानंतर यवतमाळ, फार तर पुणे, एवढंच फिरलेली. निदान मला तरी तसंच माहीत होतं.

"मावशीकडे ठेवलं होतं ना मला," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली, जणू त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

मी खोदून विचारलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं. तिच्या आईची धाकटी बहीण दिल्लीत होती. नवरा सरकारी नोकरीत, मूलबाळ नाही. इकडे बल्लारशाला एकापाठोपाठ मुलीच. एक दिवस हिला नवा फ्रॉक घातला, केस कापून घेतले आणि स्टेशनवर नेलं. कशासाठी ते कुणी सांगितलं नाही. गाडी आली ती आधी ते नाक आलं. दाराशी इतकी गर्दी की बाबांनी हिला उचलून खिडकीतून आत दिलं आणि न्यायला आलेल्या, आधीच आत चढलेल्या मावशीनं ओढून घेतलं. बाबा खाली प्लॅटफॉर्मवरच राहिले. गाडी सुटली.

"मग?"

"मग काय, दिल्ली. शाळेत घातलं. मावशीला मम्मी म्हणायचं शिकवलं. मी मराठी विसरून गेली. आणि एक दिवस मम्मीनं पुन्हा गाडीत बसवलं, बल्लारशाला आणून सोडलं आणि परत गेली. सगळ्या बहिणी मला हसत. आईनं जेवायला वाढलं. कोणी काही बोललं नाही."

माझी मुलगी सोफ्यावर फोन बघत होती. तिनं मान वर केली. "वेट, आज्जी, सो यू वर अडॉप्टेड?"

"म्हणजे दत्तक?" आईनं मला विचारलं. "नाही बाई, दत्तक कसली. कागद वगैरे कुठं केले? ठेवलं होतं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "काऊन ठेवलं आणि काऊन परत दिलं, काय माहीत. मी काही तरी केलं असंल."

आई आता सत्तरीची आहे. तिच्याजवळ इतकी वर्षं वाढले आणि ही गोष्ट तिनं कुणाकडे, कधीच काढली नव्हती. माझ्या वडिलांकडेही नाही. का, विचारलं तर म्हणाली, "कोणी विचारलंच नाही."

आता तिच्या बहिणींपैकी एकच उरली आहे, तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. चंद्रपूरला असते. इथून नेहमीच्या अ‍ॅपवर कॉल लागत नाही, म्हणून तिच्या सुनेनं दुसरं अ‍ॅप घालून ठेवलंय. शुक्रवारी सकाळी आम्ही तिला फोन लावला. ही माझी मोठी मावशी पडद्यावर आली, अर्धा चेहरा आणि वरचा पंखा. मी तिला सरळच विचारलं की आईला दिल्लीला का पाठवलं होतं.

"कोणाला? तुझ्या आईला?" मावशी म्हणाली. "ती नाही गेली. मी गेली होती."

आई हसली. "काहीही! तू कुठं गेली?"

"मीच तर गेली! नवा फ्रॉक, बाबांनी खिडकीतून आत दिलं मला. ते चांदणीवालं इंजिन होतं. तू खाली प्लॅटफॉर्मवर उभी राहून रडत होती."

"मी रडत नव्हती. मी गाडीत होती."

"लहान होती तू. तुला कोणी तरी सांगितलं असंल, ते डोक्यात बसलं."

"मग मला हिंदी कुठून आली?"

"रेल्वे क्वार्टरमध्ये सगळ्यांनाच येत होती."

आईचा चेहरा उतरला. मी मध्ये पडले. मावशीला विचारलं, ती परत कशी आली? तिला ताप येऊन आला, महिना झाला तरी उतरेना, म्हणून दिल्लीवाल्यांनी आणून सोडलं, असं ती म्हणाली. आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला नेहमी वाटायचं, आजारी पडली नसती तर ठेवून घेतलं असतं मला."

फोन ठेवल्यावर मी चहा केला. आईनं तो प्यायला नाही. दोघींपैकी खोटं कोणी बोलत नव्हतं, एवढं मला दिसत होतं. पण एकच फ्रॉक, एकच खिडकी, एकच गाडी, आणि मुली दोन. मी एकदा आईचं खरं मानी, एकदा मावशीचं. दुसऱ्या दिवशी गाडीचं मॉडेल दाखवायला तिला वर्कशॉपला नेत होते, तेव्हा कारमध्ये आईच म्हणाली, "दोघी गेलो असू का गं? एकीला परत दिलं आणि दुसरीला नेलं?"

"असेल."

"मग आधी कोण?"

आधी मावशी गेली असेल, तर आई बदली म्हणून गेली. आधी आई गेली असेल, तर तिला नापसंत करून मावशीला नेलं. दोन्ही बाजूंनी कुणाचं तरी वाईटच होत होतं. आई खिडकीबाहेर बघत होती. गोदामं, ट्रक, शटर उघडणारी माणसं. वर्कशॉपशी पोचलो तेव्हा तिनं आत यायला नको म्हटलं, मग आलीच. अर्धवट रंगवलेल्या गाडीसमोर उभी राहून बराच वेळ तिनं खिडक्या पाहिल्या. एका खिडकीपाशी करंगळी नेली आणि हात मागे घेतला. साहेबानं तिला खुर्ची दिली आणि अरबी पद्धतीनं आईला मामा म्हणत विचारलं, "मामा, गुड?" ती म्हणाली, "चांगली आहे. पण माणसं नाहीत आत."

मॉडेल गेलं, प्रदर्शन लागलं. मी इतिहास लिहिला तो नाक, चांदणी आणि पल्ला यांचाच. प्रवाशांबद्दल एक ओळ घातली होती, ती साहेबानं जागा कमी म्हणून काढली. मी भांडले नाही. त्या ओळीत काय लिहायचं ते माझंच नक्की नव्हतं.

परत जाताना आई नागपूरला विमानातून उतरली आणि यवतमाळला न जाता सरळ चंद्रपूरला गेली. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी मी व्हिडिओ कॉल केला तर मावशीनं उचलला.

"आई कुठेय?"

"अंघोळीला गेली. आज आम्ही बल्लारशाला जाऊन आलो. ते क्वार्टर आता नाही तिथं."

"आणि ते दिल्लीचं? काही ठरलं?"

"काय ठरायचंय बाई? पहिल्या रात्री भांडलो. काल दोघी रडलो. आज ती म्हणते, तू गेली असशील. मी म्हणते, नाही, तूच गेली असशील. आता मला खरंच आठवत नाही गं."

मागून आईचा आवाज आला, टॉवेल कुठे ठेवलाय म्हणून. मावशी फोन तसाच ठेवून उठली. मी बराच वेळ त्यांच्या घरातला पंखा बघत बसले.